भट्टीतले थांबे

कव्हरांची पहिली फाइल आली तेव्हा ताई स्टुलावर चढून खिडकीची फट बुजवत होती. खाली रस्त्यावर चाव्या करून देणाऱ्याची टपरी होती आणि त्याचं यंत्र दिवसभर किर्र करत असायचं. जिला लोकांच्या गाण्यांवर शेवटचा हात फिरवून पोट भरायचं, तिनं चावीवाल्याच्या डोक्यावर घर का घ्यावं, असं मावशी दर भेटीत विचारायची. "बघायला आले तेव्हा तो सुट्टीवर होता," ताई सांगायची, आणि ते खरंच होतं.

मास्टरिंग म्हणतात तिच्या कामाला. गाणं रेकॉर्ड होतं, जुळवून होतं, सगळ्यांचं त्यावरून भांडून होतं, आणि बाजारात जाण्याआधी ते एकदा अशा माणसाच्या कानावरून जातं ज्याला गाणाऱ्याची खुर्ची करकरली तरी कळतं. धंद्यातले सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून मोठेसुद्धा. ज्याची ती खरोखर ताई होती त्यानं मात्र तिला जन्मात कधी ताई म्हटलं नाही. तो तिला 'धडाम' म्हणायचा. ती ड्रम वाजवायची म्हणून, आणि लहानपणी दारं आपटायची म्हणूनही.

फाइल होती 'भट्टी'मधल्या पहिल्या गाण्याची. 'भट्टी' हा 'घण' नावाच्या बँडचा एकुलता एक अल्बम. हेवी मेटल ऐकणाऱ्या आजच्या पोरांच्या जन्माआधीचा, पण काळे टीशर्ट घालून माना हलवणाऱ्या त्या पोरांना तो तोंडपाठ असतो. आता कंपनीनं टूम काढली होती की आठ गाणी आठ वेगवेगळ्या कलाकारांनी आपापल्या पद्धतीनं करायची, म्हणजे त्यांची कव्हरं करायची, आणि नवा अल्बम काढायचा. मास्टरिंग ताईनं करायचं, कारण मूळ अल्बमवर ड्रम तिचे होते. शेवटचं गाणं उस्ताद स्वतः गाणार होता.

उस्ताद म्हणजे 'घण'चा गिटारवाला. हे नाव भोंग्यानं त्याला चेष्टेत दिलं होतं आणि त्या शहाण्यानं ते खरं मानलं. भोंगा म्हणजे बँडचा गायक, ताईचा धाकटा भाऊ. पाळण्यात होता तेव्हापासून त्याचा आवाज तीन घरं पलीकडे जायचा. चौथा बेसवाला, तो पुढे दंतवैद्य झाला आणि त्या दिवसांबद्दल कुणी विचारलं की समोरच्याला आ करायला लावतो.

'भट्टी' गाजली ती तिच्या थांब्यांमुळे. प्रत्येक गाणं ऐन भरात असताना एका ठिकाणी खाडकन थांबतं. गिटार नाही, ड्रम नाही, आवाज नाही, काही नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, वीज गेली. आणि मग सगळं पुन्हा अंगावर कोसळतं. या थांब्यांवर लोकांनी पानंच्या पानं लिहिली. उस्तादनं तर आयुष्यभर त्यावरच मुलाखती दिल्या. डोळे मिटून म्हणायचा, "शांतता हेही एक वाद्य आहे."

शांतता कसली डोंबलाची! भोंग्याला दमा होता. लांब ओरडला की त्याच्या छातीचा भाता फुटायला यायचा. म्हणून ताईनं प्रत्येक गाण्यात त्याला श्वास घ्यायला जागा ठेवली होती. ती हात वर धरायची, सगळे थांबायचे, तो पोटभर धापा टाकायचा, आणि त्यानं मान हलवली की ती काठी खाली आणायची. टेपवर त्या धापा स्पष्ट आल्या होत्या. "घाण वाटतं ते," उस्ताद म्हणाला, आणि पात्यानं टेपचे तेवढे तुकडे कापून तिथे कोरी टेप चिकटवली. जग ज्याला शांतता म्हणत होतं, ती तिच्या भावाच्या श्वासांची कापलेली जागा होती.

एवढं सगळं आठवलं की ताईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. इतक्या वर्षांत ती आग विझली नव्हती. तिनं विझू दिलीच नव्हती.

तर पहिली फाइल. गॅरेजमध्ये वाजवणारी चार पोरं, बरी होती. ताईनं हेडफोन लावले. गाणं चढत गेलं, थांब्याशी आलं, थांबलं. आणि त्या थांब्यात कुणीतरी श्वास घेतला.

तिनं मागे नेऊन पुन्हा ऐकलं. ओढून घेतलेला, खाली शिट्टीसारखा बारीक आवाज असलेला श्वास. तिनं त्यांच्या गायकाला फोन लावला.

"थांब्यात तुझा श्वास आलाय रे. जोरात."

"शक्यच नाही, ताई," तो म्हणाला. "तिथे मी श्वास रोखून धरला होता. आमच्यात पैजच लागली होती, जो हलेल त्यानं सगळं सामान उचलायचं."

"मग दुसऱ्या कुणाचा असेल."

"सामान तर मीच उचललं शेवटी. मला शिंक आली, पण ती गाणं संपल्यावर."

ताईनं हसून फोन ठेवला. माइक उघडा असला की काय वाट्टेल ते शिरतं. तिनं कुत्री ऐकली होती, कुकर ऐकले होते, एकदा शेजारणीचा घटस्फोट ऐकला होता. तिनं तो श्वास पुसून टाकला आणि चहा ठेवला. चहा घेऊन आली आणि सहज पुन्हा ऐकलं तर श्वास होता तिथेच.

दुसरं गाणं चार बायकांनी केलं होतं, नुसत्या व्हायोलिनवर. गाणारं कुणीच नव्हतं. इतकं देखणं काम की ताईला आपला राग क्षणभर विसरायला झालं. मग थांबा आला, आणि तोच श्वास, तीच शिट्टी. या वेळी दोन श्वास होते, एकामागून एक, आणि दुसरा अर्धाच राहिला होता. तिसरं गाणं एका म्हाताऱ्या पियानोवाल्यानं स्वतःच्या घरी वाजवलं होतं. त्यात श्वास होताच, आणि त्याच्या मागे, लांब, जाड कशावर तरी मूठ आपटल्यासारखं काहीतरी.

ताईनं आवाज चढवला.

दोन ठोके सावकाश. तीन भरभर. आणि मग, आता संपलं असं वाटल्यावर, एक.

तिच्या हातातला कप तसाच राहिला.

भोंगा सहा-सात वर्षांचा असताना न्हाणीघराची कडी अडकून आत कोंडला गेला होता. घाबरून इतका ओरडला की ओठ निळे पडले. कडी तोडून त्याला बाहेर काढल्यावर ताईनं त्याला समोर बसवलं. "ओरडायचं नाही, श्वास जातो," ती म्हणाली. "असं वाजवायचं. दोन सावकाश, तीन भरभर, आणि शेवटचा मागाहून. हे वाजलं की मी समजेन तू आहेस, आणि जिथे असेन तिथून येईन." मग पुढे तो कुठल्याही दारावर असाच वाजवायचा, उघडं असलं तरी. शेवटचा ठोका तो मुद्दाम ताणायचा, आतल्या माणसाला वाट बघायला लावायचा. त्या एका ठोक्याचं वजन तिला जगात कुठेही ओळखू आलं असतं. आणि त्या खुणेचा अर्थ त्या दोघांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हता, आईलासुद्धा नाही.

चौथ्या गाण्यावर तिनं सगळी भिस्त ठेवली. ते एका नवराबायकोच्या जोडीनं केलं होतं, सगळंच्या सगळं कॉम्प्युटरमध्ये. माइक असा वापरलाच नव्हता. तिथला थांबा म्हणजे निव्वळ शून्य. पडद्यावर सरळ रेघ होती. आवाज मोजणारे काटे तळाशी झोपलेले.

रेघ सरळ राहिली, काटे हलले नाहीत, आणि तिच्या कानात ठोके पडले. दोन सावकाश, तीन भरभर. एक.

ताई रडली नाही. तिला आला तो संताप. कुणाचा, ते सांगायला नको.

कारण एक गोष्ट ती इतकी वर्षं गिळून बसली होती. 'घण'चा स्टुडिओ म्हणजे फळांचं जुनं शीतगृह होतं. भोंगा गायचा ती आतली थंड खोली, भिंती हातभर जाड, दार लोखंडी. ते नीट बसावं म्हणून बाहेरून मोठा दांडा खाली ओढावा लागे. आतून उघडायची मूठ केव्हाच मोडलेली. शेवटच्या गाण्याला शेवटी एक लांबच लांब ओरड होती. त्या दुपारी ताईचे ड्रम वाजवून झाले होते आणि भोंगा दम्याचा पंप घरी विसरला होता. "मी पंप घेऊन येईपर्यंत त्याला आत घालू नकोस," असं ती उस्तादला बजावून गेली. परत आली तेव्हा भोंगा बाहेरच्या सोफ्यावर पांघरुणाखाली होता. "अफलातून टेक दिला आणि झोपला बघ," उस्ताद म्हणाला. भोंगा झोपला नव्हता. डॉक्टरांनी दमा लिहिलं. त्याच्या दोन्ही हातांची बोटं सोलवटलेली होती. ते काय, असं विचारल्यावर उस्ताद म्हणाला, "आनंदानं भिंतीवर गुद्दे मारले त्यानं. तुला माहीतच आहे तो."

नातेवाईक म्हणाले, दमेकरी पोरगा, कधी ना कधी व्हायचंच. उस्ताद मुलाखतींत म्हणत राहिला, "त्यानं त्या ओरडीत प्राण ओतला." ताईनं ड्रम विकून टाकले. तिला जगात एकच गोष्ट हवी होती. ते दार लागल्यापासून उघडेपर्यंत काय झालं, ते त्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं.

आपल्याच डोक्यात बिघाड नाही ना, एवढं आधी बघायला हवं होतं. कंपनीतली मुलगी फाइलींची चौकशी करायला आली तेव्हा ताईनं तिला चौथं गाणं लावून दिलं, काही न सांगता. मुलगी मोबाइल बघत, पाय हलवत ऐकत होती. थांब्याशी तिचा पाय थांबला. तिनं हेडफोन खाली सरकवले.

"ताई, कुणीतरी आलंय वाटतं."

"कुठे?"

"दार वाजवतंय ना कुणीतरी," असं म्हणून ती उठली, पॅसेजमधून गेली आणि तिनं दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. जिना होता, आणि खालून चावीवाल्याचं यंत्र. "कमाल आहे," ती परत येऊन म्हणाली. "मला वाटलं, फार वेळ वाजवतोय बिचारा."

ताईनं तिला विचारलं, "उस्ताद त्याचं गाणं कुठे करतोय?"

"त्याच जागी! ते शीतगृह भाड्यानं घेतलंय. शूटिंगही करायचंय. मस्त ना?"

"मस्तच," ताई म्हणाली.

ताई तिथे गेली ती भर दुपारी. शीतगृह पुढे गाद्यांचं गोदाम झालं होतं आणि आता रिकामं होतं. वरच्या काचांतून ऊन जमिनीवर पडलं होतं, कापसाचे बारीक तंतू उडत होते. कॅमेरावाले आणि कंपनीतली मुलगी जेवायला बाहेर गेले होते. उस्ताद एकटाच थंड खोलीच्या दारासमोर खुर्ची टाकून बसला होता. पांढऱ्या केसांची शेंडीवजा वेणी, बोटाबोटांत अंगठ्या, मांडीवर गिटार.

"ये, ये!" तो म्हणाला. "मला वाटलंच होतं, तू आल्याशिवाय राहायची नाहीस. जागा बघ, जशीच्या तशी आहे. आतली मूठ तेवढी नवी बसवून घेतलीय. कुणी उघडेपर्यंत आत ताटकळायला आमचे गुडघे आता कुठे ऐकतात!"

"आता बसवलीस," ताई म्हणाली.

तो ऐकून न ऐकल्यासारखं करत तारा छेडत राहिला. अजूनही तो तालाच्या पुढे पळत होता. बँडमध्ये असताना प्रत्येक तालमीत ती त्याच्यावर ओरडायची, "घाई करतोस तू!" आणि तो दुसऱ्यांकडे बोट दाखवून म्हणायचा, "पुन्हा!" चूक त्याची, आणि सगळ्यांनी पुन्हा वाजवायचं. चोर तो चोर, वर शिरजोर. 'पुन्हा' हा त्याचा आवडता शब्द होता.

ताईनं बॅगेतून यंत्र काढलं, टेबलावर ठेवलं आणि हेडफोन त्याच्यापुढे धरले. "ऐक."

त्यानं पियानोवाला ऐकला, मग व्हायोलिनवाल्या बायका ऐकल्या, मग नवराबायको. सुरुवातीला तो जाणकारासारखा मान डोलवत होता. मग डोलायचा थांबला. त्यानं हेडफोन काढले आणि ते हाताला चिकटतात की काय असे टेबलावर टाकले.

"हे तू घातलंस," तो म्हणाला. "इतक्या वर्षांनी सूड उगवतेयस माझ्यावर."

"मी नाही घातलं. हा ठोका तू ऐकलायस का कधी?"

"कुठला ठोका? मला काय माहीत!"

"ऐकलायस का?"

त्यानं गिटार खुर्चीला टेकवली. मग चिडून म्हणाला, "मला वाटलं, तो ताल धरतोय!"

ताईनं यंत्र बंद केलं.

"तालातच होतं ते! तूच सांग, होतं की नाही? मला वाटलं, अंगात आलाय, तयारी करतोय. टेप चालू होती. अशा वेळी दार उघडून कोण मोडता घालतं?"

"किती वेळ?"

"काय किती वेळ?"

"किती वेळ वाजवत होता तो?"

उस्तादनं अंगठी फिरवली. "टेप संपेपर्यंत," तो म्हणाला. आणि मग, जणू काही आता हिशोब फिटला, अशा आवाजात, "पण ओरड मिळाली ना? अगं, आज पोरं जीव टाकतात तिच्यावर. कुणाच्या लक्षात राहिला असता तुझा भाऊ एरवी?"

तिला हवं होतं ते मिळालं होतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की हे ऐकलं की आतलं काहीतरी निवेल. कसचं काय! मेल्याच्या डोक्यात ती गिटारच घालावी असं तिला वाटलं, आणि ती घातली असती तर कुणी तिला दोष दिला नसता.

"मुडद्या," ती म्हणाली. "तो मला बोलावत होता."

"झालं तुझं? आता मला माझं काम करू दे." उस्ताद उठला. त्याचा चेहरा उतरला होता, पण ताठा गेला नव्हता. "खोली म्हणजे खोली असते. भुतंबितं काही नसतात. मी आत जातो, तू गाणं लाव आणि माइक बघ. आलीच आहेस तर उपयोगी पड."

तो थंड खोलीत गेला. दार त्याच्या मागे आपल्याच वजनानं सरकत आलं आणि बसलं. बाहेरचा दांडा आपोआप खाली येऊन अडकला. ताईनं त्याला हात लावला नव्हता. ती टेबलाशी होती, चांगली दहा पावलं लांब.

तिनं हेडफोन लावले. त्याची पावलं ऐकू आली, खाकरणं ऐकू आलं.

"ऐकू येतंय ना? हे बघ. काही नाही इथे. लाव."

तिनं गाणं लावलं. शेवटचं गाणं, नुसती गिटार आणि ड्रम. उस्ताद गायला लागला. आवाज बरा होता म्हाताऱ्याचा. तालाच्या पुढे पळत तो थांब्यापर्यंत आला.

गाणं थांबलं.

पुन्हा सुरू व्हायला हवं होतं. झालं नाही. यंत्र चालू होतं, आकडे पुढे सरकत होते, आणि थांबा संपत नव्हता.

"ताई?" उस्ताद म्हणाला. "पुढे लाव की."

तिनं कशालाच हात लावला नाही. लावण्यासारखं काही नव्हतं.

हेडफोनमध्ये दोन श्वास चालले होते. एक उस्तादचा. दुसऱ्याखाली बारीक शिट्टी होती.

"कोण आहे?" उस्ताद म्हणाला. मग मूठ खडखडली. "अगं, ही मूठ फिरत नाहीये. ताई, दार उघड. ऐकतेयस ना? अगं, दार..."

शब्द मध्येच तुटला, पात्यानं टेप कापावी तसा.

मग एकच श्वास उरला.

ताई उठून दाराशी गेली. दांड्यावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. राहू दे आत, असं तिच्यातला राग म्हणाला. कळू दे त्याला. टेप संपेपर्यंत राहू दे.

तेव्हा आतून ठोके पडले. लोखंडावर मुठीनं.

दोन सावकाश.

तीन भरभर.

ती थांबली. इतकं थांबायला लावणारा जगात एकच होता.

एक.

तिनं दोन्ही हातांनी दांडा वर ओढला.

उस्ताद चौकटीला धरून उभा होता. पांढरी वेणी, अंगठ्या, सगळं तेच. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि तिच्यात बारीक शिट्टी वाजत होती. त्यानं उन्हाकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. तिच्या पांढऱ्या झालेल्या केसांवर त्याची नजर बराच वेळ राहिली.

"धडाम," तो म्हणाला. "किती उशीर केलास गं."

तिनं त्याला घरी आणलं. दुसरं काय करणार होती? वाटेत औषधाच्या दुकानातून पंप घेतला, त्यानं तो असा ओढला की काउंटरवरचा माणूस म्हणाला, "जुना दमा दिसतोय काकांचा." उस्तादला उभ्या जन्मात साधी सर्दी झाली नव्हती. गाडीची काच त्यानं पूर्ण खाली घेतली आणि सबंध रस्ताभर डोकं बाहेर काढून बसला. कंपनीतली मुलगी फोनवर म्हणाली, "उस्ताद केवढे बदललेत हो! शूटिंग रद्द केल्याबद्दल कॅमेरावाल्यांची चक्क माफी मागितली. गाणं आधीच्या तालमीतलं घेऊन टाकू या का?" ताईनं हो म्हटलं.

तो दिवसभर तिच्या घरात गुणगुणत हिंडायचा. गिटारकडे त्यानं पुन्हा बघितलं नाही. एक दिवस ती बाजारातून आली तर घरातली सगळी दारं बिजागऱ्यांतून काढून भिंतीला टेकवून ठेवलेली होती, न्हाणीघराचंसुद्धा. "असू दे ना गं," तो म्हणाला. मावशी येणार होती. तिला काय सांगायचं ते नंतर बघता आलं असतं.

मग फाइली पाठवायचा दिवस आला. दार नसलेल्या मागच्या खोलीत ताई बसली. बाहेर ऊन होतं, चावीवाल्याचं यंत्र किरकिरत होतं. पाठवण्याआधी एकदा सगळं ऐकायचं, ही तिची सवय. तिनं पहिलं गाणं लावलं, गॅरेजमधल्या पोरांचं. गाणं थांब्याशी आलं.

शिट्टी नव्हती. जड, घाबरलेला, निरोगी छातीचा श्वास होता. अंगठ्या घातलेली मूठ लोखंडावर आपटत होती. धातूवर धातूची किणकिण स्पष्ट येत होती.

दोन सावकाश, तीन भरभर. खूण बरोबर होती. टेप संपेपर्यंत त्यानंच ती ऐकली होती.

पण शेवटचा ठोका लवकर पडला. तालाच्या पुढे पळाला.

तिनं दुसरं गाणं ऐकलं. तिसरं ऐकलं. आठही ऐकली. प्रत्येक थांब्यात तो तीच चूक करत होता.

स्वयंपाकघरात कुणीतरी लहान मुलासारखं हसत होतं, भांडी वाजवत होतं. ताईनं खुर्ची पुढे ओढली आणि पहिलं गाणं थांब्याच्या जरा अलीकडे आणून ठेवलं.

"घाई करतोस तू," ती म्हणाली. "पुन्हा."